हॅकरस्पेसचं लेझर कटर वापरायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

बेळगावच्या आमच्या हॅकरस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून यंत्रं वापरायच्या कार्यशाळेत, लेझर कटरसाठी (किरणानं शीट कापणाऱ्या मशीनसाठी) येणारे अर्ज तपासायचं काम सध्या माझ्याकडे आहे. परत पाठवलेल्या अर्जांची फाईल मंजूर अर्जांच्या फाईलपेक्षा जाड झालीय. त्यातले बहुतेक अर्ज एकाच रकान्यावर अडकलेत, तो म्हणजे मटेरियलचा. त्याकडे येतोच, पण आधी सोप्या गोष्टी उरकून घेऊ.

कोणाला वापरता येतं

वय १८ पूर्ण, चालू वर्षाचं सदस्यत्व आणि मशीनचं प्रशिक्षण, एवढंच लागतं. इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारी माणसं इथे येतात आणि कॉलेजच्या पोरांपेक्षा लवकर शिकतात. १६ ते १८ वयाच्या मुलांना परवानगी आहे, पण पालकाची सही हवी आणि मशीन चालू असेपर्यंत पालक शेजारी हजर हवेत. पालक म्हणजे आई, वडील किंवा कायदेशीर पालक. वर्गशिक्षक, मामा, कॉलनीतला दादा यांच्या सह्या आम्ही घेत नाही. प्रोजेक्टची तारीख उद्यावर आलीय म्हणूनही नाही.

चंदगड, शिनोळी, गडहिंग्लजकडचे लोक विचारतात, आम्ही महाराष्ट्रातले, आम्हाला चालेल का? चालेल. पत्त्याच्या पुराव्याला हेस्कॉमचं बिल जसं चालतं तसं महावितरणचंही चालतं.

कागदपत्रं

आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि हमीपत्र. विद्यार्थी सवलत हवी असेल तर कॉलेजचं बोनाफाईड, तेही चालू वर्षाचं.

हमीपत्र साध्या कागदावर चालतं. हे ठळक अक्षरांत लिहूनही लोक स्टॅम्प पेपर घेऊन येतात. कोणीतरी सांगितलेलं असतं, "हमीपत्र म्हटलं की स्टॅम्प आलाच." त्यातून पलीकडच्या गावांतले लोक येताना महाराष्ट्राचा स्टॅम्प आणतात. मुद्रांक शुल्क हे त्या त्या राज्याचं असतं. इथे करायच्या करारासाठी तिथला स्टॅम्प तसाही उपयोगाचा नाही. पैसे घालवू नका. कोऱ्या ए-फोर कागदावर सही करा आणि चला.

नावाचा घोळ मात्र खरा आहे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, बोनाफाईडवर माहेरचं, अशा मुलींचे अर्ज पूर्वी परत जायचे. आता विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडली की काम होतं. दाखला हाताशी नसेल तर दोन्ही नावं लिहिलेला साधा अर्ज द्या, तो घेतला जातो. काउंटरवर कोणी "नाही" म्हटलं तर मला बोलवा.

फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी प्रत भिंतीवर लावलीय ती वाचून समजून घेण्यासाठी. ती भरून दिली तर अर्ज नोंदवला जात नाही. निम्मे अर्जदार घरी मराठी बोलणारे असताना हे असं का, हा प्रश्न मी हॅकरस्पेसच्या समितीपुढे काढत असतो. तोवर मराठी प्रत शेजारी ठेवून इंग्रजी फॉर्म भरा. भरलेली माहिती मराठीत असली तरी चालते.

मटेरियलचा रकाना

फॉर्मवर लिहिलंय: 'मटेरियलचं नाव व पुरावा'. लोक नावात 'शीट' लिहितात आणि पुरावा म्हणून दुकानाचं बिल जोडतात. त्या बिलावरही 'शीट' एवढंच असतं. असा अर्ज परतच जाणार.

यात लाल फीत कमी आणि जिवाची काळजी जास्त आहे. आमचं मशीन कार्बन डायऑक्साइड लेझरचं आहे. लाकूड, कागद, अ‍ॅक्रिलिक ते सुंदर कापतं. पण पीव्हीसी या प्लास्टिकवर किरण पडला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. माणसाच्या घशाला आणि फुप्फुसाला तो वाईट. शिवाय हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होतं आणि ते मशीनचे रूळ, बेअरिंग, आरसे खाऊन टाकतं. बेळगावच्या पावसाळ्यात हवेत ओलावा किती असतो ते वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की पीव्हीसी आपलं नाव सांगत येत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथासाठी, गणपतीच्या आराशीसाठी सगळ्यांच्या आवडीचं सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसीच. किचनच्या कपाटांना वापरतात तो डब्ल्यूपीसी (वुड प्लास्टिक कंपोझिट) बोर्ड, नावात लाकूड असलं तरी, बहुधा पीव्हीसीचाच. रेक्झिन, फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर हे सगळे त्याच घरातले. मंडळाची पोरं रात्री उशिरा सनबोर्ड घेऊन दारात उभी राहतात, चेहरे रडवेले, मिरवणूक तोंडावर. मला त्यांची दया येते, तरी उत्तर नाही असंच असतं. सनबोर्ड कटर ब्लेडनं हातानं कापता येतो, तसा कापा. नाहीतर तीच रचना ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबीव बोर्डमध्ये) बसवा.

पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक दिसायला अगदी अ‍ॅक्रिलिकसारखं. ते कापलं जात नाही, पिवळं-तपकिरी पडतं आणि काजळी धरतं. एबीएस प्लास्टिक वितळतं आणि विषारी धूर सोडतं. थर्माकोल पेट घेतो. हे तिन्ही बंद.

अथणी-निपाणीकडून चपला करणारे कारागीर नक्षीसाठी येतात. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं चालतं. क्रोम वापरून कमावलेलं, बॅगांसाठी मिळतं ते मऊ कातडं चालत नाही, कारण त्याच्या धुरातून क्रोमियमची घातक संयुगं निघू शकतात. कातडं कोणाकडून घेतलं आणि कशात कमावलं हे कारागिरानं स्वतः लिहून सही केली की आम्हाला तो पुरावा पुरतो.

मग प्लास्टिकवाल्यांनी पुरावा आणायचा कुठून? उत्पादकाची सेफ्टी डेटा शीट (माल कशाचा आणि धोका काय ते सांगणारा कागद) चालते, पण ती गल्लीतल्या दुकानदाराकडे असेल ही अपेक्षा ज्यानं फॉर्ममध्ये लिहिली त्यानं कधी दुकानात जाऊन पाहिलेलं नाही. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "शीटच आहे की हो, नाव काय लिहू?" त्याला म्हणा, बिलावर 'अ‍ॅक्रिलिक, ३ एमएम' असं लिहून शिक्का मारा. अ‍ॅक्रिलिकवर चिकटवलेला कंपनीचा कागद काढू नका. त्यावर नाव छापलेलं असेल तर तोच पुरावा.

यातलं काहीच नसेल तर शनिवारी तुकडा घेऊन या, आम्ही तारेची चाचणी करतो. अंगणात, गॅसच्या टॉर्चवर तांब्याची जाड तार लाल होईपर्यंत तापवायची. ज्योतीत रंग उरला नाही की तार स्वच्छ झाली. मग ती तापलेली तार तुकड्याला टेकवायची, थोडं प्लास्टिक तिला चिकटतं, आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवीगार झाली तर आत बहुधा क्लोरीन आहे, म्हणजे तो तुकडा घरी न्यायचा. ज्योत हिरवी झाली नाही तर मी फॉर्मवर सही करतो. मात्र ही चाचणी क्लोरीन आणि त्याच्या भावंडांपुरतीच आहे. पॉलिकार्बोनेट यात पास होऊन जातं, म्हणून त्याची वेगळी कापून खात्री करतो. घरात, बंद खोलीत हा प्रयोग करू नका.

प्लायचं एक सांगतो. बाहेरच्या वापराच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा गोंद लेझरला दाद देत नाही. कडा कोळसा होतात आणि तुकडा सुटत नाही. महाग म्हणून चांगलं असं इथे नसतं.

माप आणि फाईल

मशीनचा बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा, ९०० बाय ६०० मिलिमीटरचा आहे. दुकानदार शीट फुटांत कापून देतो. तीन बाय दोन फूट म्हणजे ९१४ बाय ६१०, आणि तेवढी शीट आमच्या झाकणाखाली बसत नाही. दुकानातच मिलिमीटरमध्ये सांगा, ८८० बाय ५८० सांगितलंत तर निवांत.

फाईल डीएक्सएफ किंवा एसव्हीजी. कापायच्या रेषा लाल, कोरायचं काळं. श्रीलिपी किंवा नुडीत टाइप केलेली अक्षरं आमच्या संगणकावर गिचमीड दिसतात, म्हणून कोरल ड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात. देवनागरी नावाची पाटी कापणाऱ्यांनी त्यानंतर सगळी अक्षरं वेल्डही करावीत, म्हणजे जोडून एक आकार करावा. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी राहते आणि एकमेकींवर चढते. मशीन त्या सगळ्या कडा इमानदारीनं कापतं आणि 'पाटील'चे तीन तुकडे हातात येतात.

दुकानाची पाटी करत असाल तर कर्नाटकातला ६० टक्के कन्नडचा नियम तुमच्या दुकानाला लागू होतो. त्यासाठी आम्ही अर्ज अडवत नाही, पण पाटी लागल्यावर दंड भरायची वेळ येऊ नये म्हणून सांगितलं.

तारखा

'फाईल स्लॉटच्या दोन दिवस आधी मंजूर हवी' असं वाक्य आहे. स्लॉट म्हणजे मशीनवर तुमच्यासाठी राखलेली वेळ. लोक वाचतात, दोन दिवस आधी पाठवायची. पाठवणं आणि मंजूर होणं यात आमचा एक माणूस बसून फाईल उघडतो, चुका काढतो, परत पाठवतो. शनिवारचा स्लॉट असेल तर फाईल सोमवारी पाठवा. गुरुवारी रात्री पाठवलेली फाईल शुक्रवारी उघडली जाते आणि तोवर स्लॉट गेलेला असतो.

प्रशिक्षणाचा परवाना एक वर्षाचा. वर्ष प्रशिक्षणाची चाचणी पास झाल्याच्या दिवसापासून मोजतात, पैसे भरल्याच्या दिवसापासून नाही. आणि सदस्यत्व मध्येच संपलं तर परवानाही थांबतो.

वीज गेली तर काम तिथेच थांबतं, राहिलेलं पुढे सलग होईलच असं नाही, आणि शीट वाया गेली तर भरपाई मिळत नाही. स्लॉट मात्र बदलून देतो. मशीन चालू ठेवून चहाला गेलेला माणूस सापडला तर त्याचा परवाना त्याच दिवशी थांबतो. एमडीएफला आग लागायला चहाइतकाही वेळ लागत नाही.

अर्ज परत आला तर नवा फॉर्म भरू नका. त्याच फॉर्मवर लाल शाईनं कारण लिहिलेलं असतं. तेवढंच दुरुस्त करा, बाजूला सही करा आणि जुना नोंदणी क्रमांक तसाच ठेवा. नव्या फॉर्मला नवा क्रमांक लागतो आणि तुम्ही रांगेत शेवटी जाता. अर्ज शनिवारी दुपारी २ ते ६ काउंटरवर घेतात. तारेची चाचणीही त्याच वेळेत, फक्त पाऊस नसेल तर.