रस्त्याचा वर्ग आणि रस्त्यावरील प्रवेश: ओपनस्ट्रीटमॅपवरील वादात आधी काय वेगळे करावे

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवक मिळून बनवतात आणि कोणालाही सुधारता येतो त्या नकाशावर, एखाद्या रस्त्याची नोंद पुन्हा पुन्हा बदलली जाऊ लागली, की त्यामागे बहुधा दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत असते. हा रस्ता वाहतुकीच्या जाळ्यात कोणत्या दर्जाचा आहे, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर ‘हायवे’ या टॅगमध्ये (टॅग म्हणजे नोंदीला जोडलेली माहितीची चिठ्ठी) लिहितात. या रस्त्यावरून कोणाला, कोणत्या वाहनाने जाण्याची परवानगी आहे, हा दुसरा प्रश्न आणि त्याचे उत्तर ‘ॲक्सेस’ व त्याच्या पोटातील टॅगमध्ये लिहितात. दोन्ही प्रश्नांना लागणारा पुरावा वेगळा असल्यामुळे मतभेद मिटवण्याची रीतही वेगळी असावी लागते.

वर्ग ठरवताना पाहायचे असते ते रस्त्याचे काम. सोलापुरातून जाणारे राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि ५२ भारतातील रूढ पद्धतीनुसार ‘ट्रंक’ वर्गात, राज्य महामार्ग ‘प्रायमरी’त आणि प्रमुख जिल्हा मार्ग ‘सेकंडरी’त दाखवतात. त्याखाली ‘टर्शरी’, ‘अनक्लासिफाइड’, ‘रेसिडेन्शिअल’ (वस्तीतील गल्ली), ‘सर्व्हिस’ (आवारातील किंवा इमारतीपर्यंतचा पोचरस्ता) असे वर्ग येतात, आणि शेतावर किंवा रानात जाणाऱ्या वाटेसाठी ‘ट्रॅक’ वापरतात. रस्ता डांबरी आहे की मुरमाचा, हे सांगण्यासाठी ‘सरफेस’ हा स्वतंत्र टॅग आहे. वाडी-वस्तीला जोडणारा कच्चा रस्ता केवळ उपग्रहचित्रात मातकट दिसतो म्हणून ‘ट्रॅक’ ठरत नाही. बरेच मार्गशोधक, म्हणजे नकाशावरून वाट सुचवणाऱ्या प्रणाली, मोटारीला ‘ट्रॅक’वरून नेण्याचे टाळतात, त्यामुळे या एका चुकीने अख्खी वस्ती रस्त्यावाचून राहिल्यासारखी होते.

आता प्रवेशाकडे वळू. समजा, जुळे सोलापुरातील एका वसाहतीची अंतर्गत गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते. मोबाइलमधील नकाशा बाहेरच्या गाड्यांना जवळची वाट म्हणून तिकडून पाठवतो आणि रहिवासी त्रासतात. त्यांच्यातील एक जण नकाशात त्या गल्लीचा वर्ग ‘रेसिडेन्शिअल’चा ‘सर्व्हिस’ करतो. दुसरा नकाशेकार दोन्ही बाजूंची घरे पाहून वर्ग पूर्ववत करतो. असे बदल कितीही वेळा झाले तरी वाद संपणार नाही, कारण रहिवाशांचे दुखणे वर्गाचे नाहीच. ‘सर्व्हिस’ केल्याने मार्गशोधक त्या गल्लीत वेग कमी धरील, पण अंतर पुरेसे वाचत असेल तर गाड्या तिथूनच नेईल. येथे घरांमुळे ‘रेसिडेन्शिअल’ योग्य आहे, आणि खरी विचारणा एवढीच आहे की फाटकावर काय लिहिले आहे आणि पहारेकरी कोणाला अडवतो.

त्या विचारणेला निदान चार उत्तरे असू शकतात. प्रत्येक गाडीला रहिवाशाची किंवा संस्थेची परवानगी लागत असेल तर ‘प्रायव्हेट’. जागा संस्थेची असली तरी कोणीही ये-जा करते आणि संस्था ते चालू देते, पण उद्या बंद करू शकते, असे असेल तर ‘परमिसिव्ह’. गल्लीतील घरी जाणाऱ्यांना मुभा आहे पण पलीकडे निघून जाणाऱ्यांना मनाई आहे, अशी अधिकृत पाटी असेल तर ‘डेस्टिनेशन’. आणि रस्ता महापालिकेचा असून कमान फक्त शोभेची असेल तर तो सर्वांना खुला आहे. मालकी आणि प्रवेश यांची सांगड घालण्याची चूक येथेच सर्वाधिक होते. खासगी महाविद्यालयाचा रस्ता सर्वांना खुला असू शकतो, तसेच सरकारी मालकीच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारातील रस्त्यावर ‘प्रायव्हेट’ ही नोंद योग्य ठरू शकते. एवढेच नव्हे, तर रहिवाशांना हवे म्हणून सार्वजनिक गल्ली ‘प्रायव्हेट’ करणे ही खोटी नोंद आहे, आणि त्रास खरा असला तरी ती स्वीकारता कामा नये, असे मला ठामपणे वाटते. त्या त्रासाचे निवारण महापालिका किंवा वाहतूक पोलीस करू शकतात.

दोन्ही टॅगमध्ये गोंधळ होण्याला एक सबळ कारणही आहे. ‘ॲक्सेस’ लिहिलेलाच नसेल, तर मार्गशोधक वर्गावरून अंदाज बांधतो: ‘रेसिडेन्शिअल’ सर्व वाहनांना खुला, ‘फुटवे’ फक्त चालणाऱ्यांसाठी. त्यामुळे वर्ग बदलला की प्रवेशही बदलल्यासारखा दिसतो. परंतु तो केवळ गृहीत धरलेला प्रवेश असतो, आणि पाटी पाहून केलेली नोंद त्याहून वरचढ असते.

‘ॲक्सेस’च्या टॅगमध्ये ‘नो’ लिहिताना तर फार जपावे लागते, कारण ती मनाई पायी चालणाऱ्यासकट सर्वांना लागू होते. मालमोटारींना दिवसा बंदी असल्याची पाटी असेल, तर अवजड वाहनांच्या टॅगमध्ये वेळेच्या अटीसह तेवढीच बंदी लिहावी. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद असतात, ते नकाशात बंद करू नयेत. अनेक ॲपमधला नकाशा महिनोन्महिने जुना राहतो, आणि यात्रा सरल्यावरही तो लोकांना वळसा घालायला लावील.

सर्वांत नाजूक प्रकरण शेतरस्त्यांचे आहे. मोहोळ किंवा अक्कलकोटकडे एखादी जुनी गाडीवाट कोणी काटेरी फांद्या टाकून अडवली, तर नकाशेकाराने काय लिहावे? वाटेचे काम बदललेले नाही, म्हणून ‘ट्रॅक’ तसाच राहील. अडथळा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो ‘बॅरिअर’ म्हणून त्या ठिकाणी नोंदवावा. मात्र अडवणूक म्हणजे मनाई नव्हे. असे अडथळे दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने, आणि बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ ने तहसीलदारांना दिलेला आहे. प्रकरण त्यांच्यापुढे असताना ‘प्रायव्हेट’ किंवा ‘येस’ लिहून नकाशेकाराने निकाल देऊ नये. ‘ॲक्सेस’ रिकामा ठेवावा, वाट वादात असल्याची टीप जोडावी आणि आदेश होऊन वाट मोकळी झाली की नोंद सुधारावी.

यावरून मतभेद हाताळण्याचा क्रम ठरतो. रस्त्याचा इतिहास उघडून कोणी कोणता टॅग का बदलला ते पाहावे आणि वाद वर्गाचा आहे की प्रवेशाचा, हे ठरवावे. प्रवेशाचा असेल तर जागेवरची पाटी हाच पुरावा. गूगलच्या नकाशात काय दिसते याला येथे स्थान नाही, कारण तिथून नक्कल करण्यास परवाना नाही. वर्गाचा असेल तर एकट्या रस्त्यावर भांडू नये. बाह्यवळण झाल्यानंतर शहरातील जुन्या मार्गाचा दर्जा उतरवावा का, हा प्रश्न इतर शहरांतील रूढीशी जुळवून भारतातील नकाशेकारांनी मिळून सोडवायचा असतो. दोन्ही बाबतींत पुन्हा बदल करण्याआधी संबंधित चेंजसेटवर (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या नोंदीवर) विचारणा करावी आणि उत्तराला काही दिवस द्यावेत. समजावूनही कोणी नोंद फिरवतच राहिले, तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुपकडे जाता येते, आणि हा गट खाते काही काळ रोखूही शकतो. विचारणा मात्र नेमकी हवी: “आपण ही गल्ली ‘सर्व्हिस’ केली आहे, फाटकावर बाहेरच्या वाहनांना मनाईची पाटी आहे का, आणि असल्यास ती कोणी लावली आहे, हे कृपया कळवावे.”