नट एकच, न्याय दोन : मागच्या चाकाच्या बेअरिंगचे विज्ञान

जुन्या गाडीच्या मागच्या बाजूने साठ-सत्तरच्या वेगाला घरघर ऐकू येऊ लागली, की पहिला संशय टायरवर जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु टायर बदलूनही आवाज राहिला, आणि तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर न बदलता केवळ गाडीच्या वेगाबरोबर चढू-उतरू लागला, तर चाकाच्या बेअरिंगकडे, म्हणजे दोन कड्यांमध्ये गोळ्या किंवा रोलर ठेवून चाक सहज फिरू देणाऱ्या भागाकडे, वळावे लागते. तेथे जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : चाकाच्या मधोमध, आसाच्या टोकावर असलेला नट थोडा आवळला तर भागेल का? याचे उत्तर गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत तो नट म्हणजे बेअरिंगची मोकळीक ठरवणारा नाजूक नियंत्रक असतो, तर काहींत तो फक्त घट्ट बसवण्यासाठी असतो. ड्रमवरची टोपी काढल्यावर दोन्ही नट सारखेच दिसतात, म्हणून हा फरक हाताला पाना लागण्यापूर्वीच समजून घेतला पाहिजे.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये मागचे चाक केवळ भार वाहते. न फिरणाऱ्या आसावर दोन बेअरिंगे बसवलेली असतात आणि त्यांच्यावर ब्रेकचा ड्रम चाकासह फिरतो. १९८३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये ही दोन्ही बेअरिंगे निमुळत्या रोलरची, म्हणजे एका टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या लाटण्यांची आहेत. अशा बेअरिंगची कल्पना घोडागाड्यांच्या काळातली आहे. सेंट लुईसचे गाडीनिर्माते हेन्री टिम्कन यांनी आपल्या भाच्याबरोबर १८९८ मध्ये तिचे पेटंट मिळवले. वळणावर चाकाला उभ्या भाराखेरीज आडवा रेटाही बसतो, आणि निमुळते रोलर हे दोन्ही भार पेलतात. मात्र बाहेरचे कडे आणि आतले कडे यांत किती अंतर राहावे हे असे बेअरिंग स्वतः ठरवत नाही. आतले कडे जितके आत सरकेल तितके रोलर दोन कड्यांमध्ये अधिक रुततात, आणि ते किती सरकवायचे हे नट ठरवतो.

आपल्याकडे त्याच १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ची रचना निराळी आहे. तिच्या मागच्या ड्रममध्ये पोलादी गोळ्यांची दोन बेअरिंगे दाबून बसवलेली असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. नट आवळला की बळ एका बेअरिंगच्या आतल्या कड्यातून स्पेसरमध्ये आणि तेथून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यात जाते. गोळ्यांवर ते येतच नाही. मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते. त्यामुळे येथे नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) पूर्ण आवळावाच लागतो, आणि चाकाला खेळ आला असेल तर नटाने तो जाणार नाही. झीज झालेले बेअरिंग बदलणे हाच एक मार्ग आहे. अशा गाडीचा नट गोल्फप्रमाणे सैल ठेवणे आणि गोल्फचा नट मारुतीप्रमाणे आवळणे या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

बेअरिंग मुळात निकामी का होते, हा प्रश्न यंत्रशास्त्रातील सुंदर प्रश्नांपैकी एक आहे. माणसे बसलेल्या लहान गाडीत मागच्या एका चाकावर साधारण दोनशे किलोग्रॅम भार येतो. हा आकडा मोठा वाटत नाही, पण गोळी आणि कडे यांचा स्पर्श एका अगदी छोट्या लंबगोल ठिपक्यापुरता असतो. १८८० च्या दशकाच्या आरंभी, काचेची भिंगे एकमेकांवर दाबली असता काय होते याचा विचार करताना, हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अशा स्पर्शातील दाबाचे गणित मांडले. विद्युतचुंबकीय लहरींमुळे प्रसिद्ध झालेला हर्ट्झ तो हाच. त्याच्या सूत्रांनुसार बेअरिंगमधील दाब चौरस मिलिमीटरमागे शंभर किलोग्रॅमच्याही वर सहज जातो. सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले, विशेष उष्णतोपचाराने कठीण केलेले पोलाद वापरावे लागते ते यामुळेच.

या गणितातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की कातरणारा ताण पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या किंचित खाली सर्वाधिक असतो. प्रत्येक गोळी वरून गेली की त्या थरावर ताण येतो आणि ओसरतो. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच येथे घडते. फरक एवढाच, की हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची संख्या अफाट असते. मारुतीच्या बारा इंची चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर धरला, तर एका किलोमीटरला सव्वासहाशे आणि एक लाख किलोमीटरला सव्वासहा कोटी फेरे होतात. पोलादातील एखाद्या सूक्ष्म अशुद्ध कणापाशी तडा सुरू होतो, वर येतो, आणि पृष्ठभागाची एक खपली निघते. चिंचवडला जिचा कारखाना आहे त्या एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीचे गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये या थकव्याचा सिद्धांत मांडला. त्याप्रमाणे भार दुप्पट झाला की गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते आणि रोलरचे साधारण दहाव्या हिश्शावर. निमुळत्या रोलरचा नट गरजेपेक्षा अधिक आवळणे म्हणजे रस्त्यावरच्या भारात कायमचा आणखी एक भार मिसळणे होय. शिवाय घर्षणाने उष्णता वाढते, ग्रीस पातळ होते, धातू धातूला टेकतो आणि उष्णता आणखी वाढते. किंचित सैल बेअरिंग पुष्कळ दिवस चालते, पण फार आवळलेले बेअरिंग एका प्रवासातही जळू शकते.

खपली निघाली की आवाज सुरू होतो. साठच्या वेगाला ते बारा इंची चाक सेकंदाला सुमारे साडेदहा फेरे घेते. बेअरिंगमध्ये आठ गोळ्या असतील आणि खपली बाहेरच्या कड्यावर निघालेली असेल, तर सेकंदाला तीस-पस्तीस ठोके बसतात. प्रत्येक ठोक्याने ड्रम आणि भोवतालचा पत्रा कंप पावतो, आणि त्यांची मिळून ती घरघर होते. वळणावर हा आवाज बदलतो. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर सरकतो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूवर संशय घ्यावा. खात्रीसाठी पुढच्या चाकांना अडण्या लावून गाडी मागून उचलावी, केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी, हँडब्रेक सोडावा आणि चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. मग चाक फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. कानाला न कळणारा खरखरीतपणा बोटांना तेथे स्पष्ट जाणवतो.

थकवा हे सन्मानाचे मरण म्हणता येईल, पण सर्व बेअरिंगे तेवढी जगत नाहीत. पाऊस आणि साचलेले पाणी हे त्यांचे मोठे शत्रू आहेत. ब्रेक लावून तापलेला ड्रम पाण्यात शिरला की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि ऑइल सीलच्या, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्याच्या, कडेतून पाणी आत ओढले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीची बेअरिंगे नंतर उघडून पाहिलीच पाहिजेत. दीर्घकाळ न फिरता नुसती थरथरणेही वाईट. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेल्वेने दूर पाठवलेल्या नव्या गाड्यांच्या बेअरिंगांत एकसारख्या अंतरावर खळगे पडलेले आढळत, कारण चाक फिरत नसल्याने ग्रीसचा पापुद्रा परत तयार होत नसे आणि तीच ती जागा घासली जाई.

ड्रम उतरवताना त्यातील धूळ फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असे. निमुळती बेअरिंगे रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवावीत आणि उजेडात तपासावीत. खपल्या, निळसर झालेला रंग, गंजाचे डाग किंवा समान अंतरावरचे खळगे दिसले, तर सेटिंग करून उपयोग नाही. बदलताना आतले आणि बाहेरचे कडे जोडीनेच बदलावे, कारण जुन्या कड्यावर नवे रोलर नीट टेकत नाहीत. कडे ड्रममध्ये बसवताना बळ बाहेरच्या कड्यावरच द्यावे. मारुतीच्या बेअरिंगला आतल्या कड्यावर हातोडा बसला, तर तो धक्का गोळ्यांतून जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. ग्रीस केजमध्ये (रोलर अंतरावर धरून ठेवणाऱ्या जाळीत) रोलरांच्या मधोमध दाबून भरावे, पण हबची पोकळी गच्च भरू नये. जास्तीचे ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सीलमधून ब्रेकच्या शूजवर उतरते. ऑइल सील दर वेळी नवेच घालावे.

गोल्फचे सेटिंग करण्याची कारखान्याची पद्धत मला फार आवडते, कारण तिला कोणतेही मोजमापाचे यंत्र लागत नाही. ड्रम फिरवत ठेवून नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी नीट बसतात. मग तो हळूहळू सैल करायचा, आणि नटाखालचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, कशाचाही टेकू न घेता व पीळ न देता, केवळ बोटांच्या जोराने जेमतेम सरकू लागला की थांबायचे. त्या क्षणी मागे राहिलेली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. उष्णतेने धातू प्रसरण पावतात आणि ती कमी-अधिक होते, म्हणून हे काम हब पूर्ण थंड असतानाच करावे. शेवटी नटावर कुलुपाची टोपी चढवून नवी स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून टोके वाकवून बसवायची दुहेरी पिन, घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये, कारण ती चाक जागेवर ठेवणारी अखेरची वस्तू आहे.

दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेकचा फार वापर न करता, गाडी चालवून दोन्ही मागच्या हबांना हाताची पाठ आधी जवळ नेऊन आणि मग टेकवून पाहावी. दोन्ही सारखेच कोमट असतील तर काम जमले. नव्याने सेट केलेली बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम लागली, तर प्रथम ब्रेकचे शूज घासत नाहीत ना हे पाहावे, आणि तसे नसेल तर हब निवल्यावर नट उघडून सेटिंग पुन्हा करावे.