पॅलेस ऑन व्हील्स

राजस्थान पर्यटन विकास महामंडळ व भारतीय रेल्वे यांच्या संयुक्त उपक्रमातून २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेली आलिशान पर्यटन गाडी. संस्थानिकांच्या खासगी रेल्वे डब्यांची, म्हणजे सलूनची, ऐट आणि पाहुणचार सामान्य प्रवाशाला पैसे मोजून अनुभवता यावा, ही तिच्यामागची मूळ कल्पना. पुढे निघालेल्या रॉयल ओरिएंट, डेक्कन ओडिसी, गोल्डन चॅरिअट, महाराजाज एक्सप्रेस या गाड्यांनी कमीअधिक फरकाने हाच नमुना गिरवला. नावाचा अर्थ ‘चाकांवरचा राजवाडा’ असा असला तरी मराठीत इंग्रजी नावच रुळले आहे.

‘सलून’ हा शब्द मूळ फ्रेंच. दिवाणखाना या अर्थाचा ‘सालाँ’ इंग्रजीत ‘सलून’ झाला आणि तेथून आपल्याकडे दोन वाटांनी आला. एका वाटेने तो केस कापण्याच्या दुकानावर जाऊन बसला, दुसऱ्या वाटेने रेल्वेत शिरला. रेल्वेतल्या माणसाला सलून म्हटले की अजूनही वरिष्ठ अधिकाऱ्याचा दौऱ्याचा डबाच आठवतो. निजायची खोली, बैठक, स्वयंपाकाची जागा व नोकरांची खोली एकाच डब्यात, ही या डब्याची मांडणी संस्थानी सलूनचीच आहे.

पूर्वपीठिका : राजघराण्यांसाठी खास डबे बांधण्याची रीत युरोपातून आली. व्हिक्टोरिया राणीसाठी १८६९ मध्ये बांधलेले डबे इंग्लंडात यॉर्कच्या संग्रहालयात जपलेले आहेत. भारतातील जुन्या नमुन्यांत प्रिन्स ऑफ वेल्सच्या (पुढे सातवा एडवर्ड) दौऱ्यासाठी १८७५ मध्ये बांधलेले सलून महत्त्वाचे मानतात. बडोद्याच्या गायकवाडांचे १८८६ चे आणि म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ चे सलून, अशी पुढची ठळक उदाहरणे. ही तिन्ही दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहेत. म्हैसूरच्या सलूनमधील सागवानी काम व त्यावरील हस्तिदंताची कलाकुसर पाहिली की हे सुतारकाम रेल्वेच्या कारखान्यातले आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

राजेलोकांना रेल्वेचे वेड होते ते केवळ प्रवासापुरते नव्हते. खंडेराव गायकवाडांनी डभोई–मियागाम हा अरुंदमापी मार्ग १८६२ मध्ये घातला. त्यावर सुरुवातीला गाड्या ओढायला बैल असत. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी संस्थानभर दोन फुटी रूळ पसरले. त्यांच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी फिरते. तिच्या वाघिणींतून मद्याच्या काचपात्रांची व सिगारांची ने-आण होई, आणि पाहुण्याने काचपात्र उचलले की गाडी आपोआप थांबे. कोल्हापूर संस्थानाचा मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला.

१ एप्रिल १९५० रोजी संस्थानी रेल्वेमार्ग केंद्र सरकारकडे आले, आणि त्यांच्याबरोबर रुळांवरची मालमत्ताही आली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्यानंतर खासगी सलून बाळगण्याला ना कारण उरले ना ऐपत. यार्डांच्या कडेला उभ्या असलेल्या या डब्यांना पर्यटनाच्या कामी लावण्याचा विचार पुढे आला तो या पार्श्वभूमीवर.

मूळ डब्यांचा प्रश्न : १९८२ च्या गाडीतील डबे नेमके कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. राजपुताना व गुजरातमधील संस्थानिक, हैदराबादचे निजाम आणि व्हाइसरॉय यांचे ते खासगी डबे होते, असे माहितीपत्रकांत व बहुतेक लेखनात सांगितले जाते. त्याउलट, काही डबे खरोखर संस्थानी असले तरी उरलेले रेल्वे कंपन्यांनी बडे पाहुणे व अधिकारी यांच्यासाठी बांधलेले असावेत, असाही एक तर्क आहे. रुळांच्या मापाची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची, कसोटी लावली तर दुसरा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. निदान पहिल्या विधानाला मर्यादा घालाव्या लागतात.

ही कसोटी थोडी विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. भारतात रेल्वेचे मूळ माप १,६७६ मिमी. (ब्रॉडगेज). खर्च वाचवण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० मध्ये, एक मीटर माप स्वीकारण्यात आले आणि त्यातला पहिला मार्ग १८७३ मध्ये दिल्ली–रेवाडी दरम्यान सुरू झाला. पुढे राजपुतान्यात हेच माप पसरले. जोधपूर, बिकानेर, जयपूर व उदयपूर या संस्थानांच्या रेल्वे मीटरगेजच होत्या. १९८२ ची गाडीही मीटरगेजवर धावत असे. तेव्हा तिच्यात आलेला प्रत्येक डबा मीटरगेजचा असणे, किंवा त्याचा सांगाडा काढून मीटरगेजच्या चाकगाड्यावर बसवलेला असणे, भाग आहे.

ही अट लावली की राजपुतान्यातील वरील चार संस्थानांविषयीचे विधान सहज टिकते. काठेवाडातही मीटरगेजचे मोठे जाळे होते, त्यामुळे गुजरातचा दावाही बसतो. निजामाविषयी मात्र जपून लिहायला हवे. निजामाच्या रेल्वेचा वाडी–सिकंदराबाद हा जुना मार्ग ब्रॉडगेज होता. मात्र तिचाच मनमाड–औरंगाबाद–परभणी–नांदेड–हैदराबाद हा मार्ग मीटरगेज होता, आणि मराठवाड्यातील जुन्या पिढीला तो चांगला आठवत असेल. म्हणजे निजामाचे मीटरगेज सलून असणे अशक्य नाही. स्वातंत्र्यानंतर पूर्णा–अकोला–खांडवा हा दुवा पुरा झाल्यावर असा डबा माप न बदलता थेट अजमेरपर्यंत नेणेही शक्य होते. व्हाइसरॉयच्या बाबतीत दोन्ही मापांसाठी वेगळे डबे ठेवलेले असत असे दिसते. त्यामुळे ‘व्हाइसरॉयचा डबा’ एवढ्याने त्याचा कोणता डबा हे ठरत नाही.

याउलट ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा दोन फुटी रुळांवरचा डबा आहे तसा या गाडीत येणे अशक्यच. सर्वांत बोलके उदाहरण धोलपूरचे. आजच्या गाडीतील एका सलूनला धोलपूर संस्थानाचे नाव आहे. पण धोलपूर संस्थानाची स्वतःची रेल्वे ७६२ मिमी. मापाची होती, तिचा डबा मूळ चाकांवर मीटरगेजवर चालला नसता आणि ब्रॉडगेजवर तर नाहीच. डब्यांची नावे राजपुतान्यातील संस्थानांचा मान राखण्यासाठी दिलेली आहेत. त्यांवरून डब्याची मालकी ठरवू नये. ही चूक अनेक लेखांत आढळते.

तीन गाड्या, एक नाव : पॅलेस ऑन व्हील्स या नावाने आजवर निदान तीन वेगवेगळ्या गाड्या धावल्या, हे लक्षात न घेतल्यानेच वरील गोंधळ वाढला आहे. पहिली १९८२ ची, जुन्या लाकडी डब्यांची. हे डबे देखणे खरे, पण रोजच्या चालीला नाजूक होते. बहुतेक संस्थानी सलूनना एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता नसे. एकांत व पडदा पाळायचा असल्याने तो मुद्दामच ठेवलेला नसे. मालकाच्या सोयीची ही गोष्ट पर्यटक गाडीत अडचणीची ठरते, कारण भोजनाच्या डब्यात जायचे तर गाडी थांबावी लागते. शिवाय वातानुकूलन नव्हते, आणि सागवानी कवचाला आगीचा व अपघातात चेचले जाण्याचा धोका होता.

म्हणून १९९१ मध्ये मीटरगेजचीच, पण पूर्णपणे नव्या पोलादी डब्यांची गाडी आणण्यात आली. हे डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधले. त्यानंतर लगेच १९९२ मध्ये रेल्वेने सर्वत्र एकच माप करण्याची मोहीम हाती घेतली आणि राजस्थानातील मीटरगेज एकेक करून उखडले जाऊ लागले. परिणामी १९९५ मध्ये तिसरी, ब्रॉडगेजची गाडी आली. उदयपूरपर्यंतचे रूळ ब्रॉडगेज व्हायला मात्र आणखी काही वर्षे लागली. मोकळी झालेली मीटरगेज गाडी रॉयल ओरिएंट या नावाने गुजरात-राजस्थानात फिरू लागली आणि मीटरगेज आकसत गेल्यावर २००७ मध्ये तीही बंद पडली.

याच संदर्भात युरोपातील एक तुलना उद्बोधक आहे. व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस ही गाडीही १९८२ मध्येच, पण मे महिन्यात, म्हणजे पॅलेस ऑन व्हील्सनंतर सुमारे चार महिन्यांनी निघाली. तिच्यासाठी १९२०–३० च्या दशकांतले मूळ डबे विकत घेऊन दुरुस्त करण्यात आले आणि तेच डबे आजही धावतात. आपल्याकडे मात्र मूळ डबे नाजूकपणा, गैरसोय व धोका यांमुळे, रुळांचे माप बदलण्याआधीच, १९९१ मध्ये बाजूला ठेवावे लागले. भारतीय गाडीचा ‘वारसा’ लाकूड-लोखंडात न राहता मांडणीत, नावांत आणि कारागिरीच्या वळणात राहिला तो मुख्यतः या कारणाने. त्याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पण ‘राजाच्याच पलंगावर निजा’ अशी जाहिरात आजच्या गाडीला लागू पडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

अंतर्रचना व सजावट : जुन्या सलूनची अंतर्रचना हवामानाने ठरवलेली होती. उन्हाचा ताप अडवण्यासाठी दुहेरी छप्पर, खिडक्यांना काचेखेरीज लाकडी पट्ट्यांच्या झडपा, आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे. भिंतींना सागवान किंवा शिसवी तावदाने, पितळी खुंट्या व मुठी, किनखाबी गाद्या. पलंग बहुधा रुळांच्या दिशेने लांबीत ठेवलेला असे, म्हणजे गाडीचे हेलकावे कमी लागत. आरसे भिंतीत घट्ट बसवलेले असत, झुंबराऐवजी छताला चिकटून घुमटाकार दिवे असत. राजवाड्यातली वस्तू धावत्या डब्यात आणताना तिचे रूप कसे बदलावे लागते, याची ही सर्व उदाहरणे.

आजच्या गाडीत पाहुण्यांसाठी चौदा सलून असून प्रत्येकात चार दालने, त्यांना जोडून न्हाणीघरे आणि बसण्याची छोटी जागा आहे. सलूनना अलवर, भरतपूर, बिकानेर, बुंदी, धोलपूर, डुंगरपूर, जैसलमेर, जयपूर, झालावाड, जोधपूर, किशनगढ, कोटा, सिरोही व उदयपूर अशी नावे आहेत. ‘महाराजा’ व ‘महाराणी’ ही दोन भोजनगृहे. सेवेकऱ्याला ‘खिदमतगार’ म्हणतात. राजवाड्यातला हा जुना शब्द या गाडीने पुन्हा वापरात आणला.

सजावटीत त्या-त्या संस्थानाची ओळख दाखवण्याचा प्रयत्न आहे, पण त्यात सरमिसळही झाली आहे. जयपूर सलूनच्या छतावर तीज, होळी, दिवाळी व गणगौर हे सण फड शैलीत रंगवल्याचे सांगतात. फड ही मुळात भिलवाडा-शाहपुरा भागातील जोशी चित्रकारांची लोकपरंपरा. पाबूजी, देवनारायण यांच्या कथा गाणारे भोपे तो लांब पट उलगडून रात्रभर गातात. जयपूर दरबारच्या चित्रशाळेशी तिचा संबंध नाही. राजवाड्याच्या नावाने लोककला छतावर चढली, हे कलेतिहासाच्या दृष्टीने चुकीचे असले तरी त्या चित्रकारांना मिळालेला मान सुखावणारा आहे.

मार्ग : प्रवास सात रात्री व आठ दिवसांचा. दिल्लीहून निघून जयपूर, सवाई माधोपूर (रणथंबोर), चितोडगड, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, भरतपूर व आग्रा असा फेरा घेऊन गाडी दिल्लीला परतते. हंगाम साधारण सप्टेंबर ते एप्रिल. प्रवास बहुतांशी रात्री आणि स्थलदर्शन दिवसा, अशी आखणी आहे. महासाथीमुळे २०२० मध्ये थांबलेली गाडी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली.

महाराष्ट्रातील अनुकरण : महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ व रेल्वे यांनी २००४ मध्ये डेक्कन ओडिसी सुरू केली. तिचे डबेही पेरांबूरलाच बांधलेले. नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा व रत्नागिरी असा तिचा मुख्य फेरा. कोल्हापूर आणि निजामाचा मनमाड–औरंगाबाद मार्ग वगळता या फेऱ्यात संस्थानी रेल्वेचा वारसा फारसा नाही. लेणी, समुद्र व घाट हेच तिचे खरे वैभव. तीही २०२० मध्ये थांबली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईहून पुन्हा निघाली. २०१० मध्ये आलेल्या महाराजाज एक्सप्रेसमध्ये ‘नवरत्न’ हे संपूर्ण डबाभर पसरलेले दालन आहे. एका डब्यात एकच यजमान, या जुन्या सलूनच्या मूळ रचनेच्या सर्वांत जवळ जाणारी हीच आधुनिक मांडणी होय.

मूळ सलून पाहू इच्छिणाऱ्याने दिल्लीखेरीज म्हैसूरचे रेल्वे संग्रहालय (स्थापना १९७९) पाहावे. तेथे महाराणीच्या सलूनमधील स्वयंपाकघर, भोजनाचा भाग व न्हाणीघर यांची मांडणी पाहता येते. बडोद्यास प्रतापविलास राजवाड्यात रेल्वे अधिकाऱ्यांची प्रशिक्षण प्रबोधिनी भरते. गायकवाडांचे १८८६ चे सलून मात्र बडोद्यात नसून दिल्लीच्या संग्रहालयात उभे आहे.