महादजी शिंदे : पूर्वायुष्य आणि लष्करी कारकीर्द

महादजी शिंदे (सु. १७३० – १२ फेब्रुवारी १७९४) : पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा अंमल पुन्हा बसविणारा सेनानी. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा पाया वडील राणोजींनी घातला, पण ती दौलत तगली आणि वाढली ती महादजींमुळे. त्यांचा युद्धविचार विजयांपेक्षा पराभवांतून घडला, हे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना विसरता येत नाही.

शिंदे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे पाटील. राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी चढले आणि माळव्यात त्यांचे ठाणे उज्जैनला बसले. महादजी हे राणोजी व चिमाबाई यांचे पुत्र. थोरल्या भावांच्या मोहिमांत ते वाढले आणि त्यांचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगाफटक्याने मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. तुकोजी पानिपतावर कामी आले, तर जयाप्पांचा मुलगा जनकोजी तेथे कैद होऊन मारला गेला. महादजी रणातून निघाले, पण पाठलागावरच्या अफगाण स्वाराने पायावर घाव घातला आणि तो पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने (पाणक्याने) त्यांना उचलून सुखरूप दक्षिणेकडे आणले. महादजींनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. पुढे मोठ्या लढायांत फौजेची धुरा याच राणेखानभाईकडे असे. माणूस पारखण्याची महादजींची ही नजर असामान्यच म्हणावी लागेल.

घरातील वारसाच्या तंट्यांतून वाट काढत १७६८ मध्ये सरंजाम त्यांच्याकडे आला. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत मोगल बादशहा शाह आलम गादीवर परतला. १७७९ च्या वडगावच्या प्रसंगात इंग्रज फौजेची कोंडी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

ग्वाल्हेरचा किल्ला मात्र त्यांना चटका लावून गेला. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रज कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने शिड्या लावून कडा चढला आणि अजिंक्य समजला जाणारा गड पहाटेपर्यंत गेला. इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला. मार्च १७८१ मध्ये कॅमॅक या इंग्रज सेनानीने रात्री छापा घालून महादजींच्या छावणीचीही दाणादाण उडविली. तरीही ते खचले नाहीत. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी झालेल्या तहात पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यामधले जामीन तेच झाले. राण्यामागचे इंग्रजांचे पाठबळ सुटले आणि १७८३ मध्ये वेढा घालून महादजींनी गड परत घेतला.

शिस्तबद्ध पायदळ व तोफखाना यांच्यासमोर केवळ घोडदळ अपुरे पडते, ही खूणगाठ त्यांनी पक्की बांधली. १७८४ मध्ये सॅव्हॉयचा द बॉइन त्यांच्या चाकरीत आला आणि कवायती पलटणी उभ्या राहू लागल्या. आग्र्याला सँगस्टर तोफा ओतू लागला. त्याच वर्षी बादशहाकडून वकील-इ-मुतलक (बादशाहीचा मुख्य कारभारी) हे पद पेशव्यांच्या नावे मिळाले आणि त्याचा कारभार महादजींकडे आला. १७८७ मध्ये लालसोटला राजपूत फौजांसमोर त्यांच्या बाजूच्या मोगल तुकड्या फुटल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. त्या पडत्या काळात लखबादादा लाड यांनी आग्र्याचा किल्ला चिवटपणे लढविला. त्यांचे नाव महादजींच्या बरोबरीनेच घेतले पाहिजे. जून १७८८ मध्ये राणेखान व द बॉइन यांनी आग्र्यापाशी मोगल सरदार इस्माईल बेगचा पराभव केला. बादशहाचे डोळे काढणारा रोहिला सरदार गुलाम कादिर पकडला जाऊन १७८९ मध्ये मारला गेला. पाटण (२० जून १७९०) आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेडता येथे नव्या पलटणींनी लालसोटचा हिशेब चुकता केला.

१७९२ मध्ये ते पुण्यास आले. इकडे उत्तरेत त्यांच्या फौजेने १७९३ मध्ये लाखेरीला तुकोजी होळकरांचा पराभव केला. दोन मराठी फौजा आपसांत भिडल्याचे हे दुःख मोठे. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ वानवडीस महादजींचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे. राजधानी त्यांच्या हयातीत उज्जैनलाच राहिली. त्यांचे वारस दौलतराव यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेर गडाच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्यातून वाढलेल्या लष्कर भागात ग्वाल्हेरची मराठी वस्ती रुजली.