गरम चिखल आणि थंड मातीपट्टी: नाव एक, काम उलट

ओळखीतल्या एका काकांचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता. ‘मड थेरपीने सूज उतरते’ असं त्यांनी कुठेतरी वाचलं, एका स्पामध्ये वेळ घेतली आणि वीस मिनिटं वाफाळत्या काळ्या चिखलात पाय ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत गुडघा इतका फुगला की पँट वर सरकेना. चिखल बनावट नव्हता आणि त्यांनी वाचलं तेही खोटं नव्हतं. फक्त वाचलं होतं एका मातीबद्दल आणि लावून घेतली दुसरीच. सूज उतरवणारी म्हणून जिचं कौतुक त्यांनी वाचलं, ती निसर्गोपचारातली थंड मातीपट्टी. स्पातला खनिज चिखल गरम असतो. एक अंगातली उष्णता काढून घेते, दुसरा अंगात उष्णता घालतो. मड थेरपी, मातीउपचार, चिखलस्नान ही नावं मात्र दोन्हीकडे सर्रास चालतात.

गरम चिखलाबद्दल आधी लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखं जास्त आहे.

इटलीत पादुआ शहराजवळ आबानो तेर्मे नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून ८० अंश सेल्सियसच्या आसपासचं खारट पाणी वर येतं. जवळच्या एका तळ्याच्या तळातून चिकणमाती उपसून आणतात, पण ती लगेच कुणाच्या अंगाला लावत नाहीत. टाक्यांमध्ये भरून तिच्यावरून हे झऱ्याचं पाणी साधारण दोन महिने वाहतं ठेवतात. या काळात मातीवर हिरवट-निळसर साय धरते. ती सूक्ष्म जीवांची असते, सायनोबॅक्टेरिया म्हणतात त्यांची. हे जीव जे काही मेदयुक्त पदार्थ तयार करतात, त्यांत दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. म्हणजे तिथे चिखल नुसता खणून काढत नाहीत, मुरवतात. मुरलेला चिखल मलमासारखा होतो: बोटांत चोळला तर कण लागत नाही आणि उभ्या पोटरीवर थापला तरी ओघळत नाही.

प्रत्यक्ष उपचार असा होतो. खाटेवर चादर आणि प्लास्टिक अंथरतात, त्यावर बादलीतून चिखल ओततात, माणूस पाठ टेकून त्यात पडतो. मग खांदे, गुडघे, घोटे अशा ठिकाणी वरून जाड थर देऊन सगळं गुंडाळतात. चिखल ४० ते ४५ अंशांचा. पहिली दोन मिनिटं नुसतं वजन जाणवतं, मग हळूहळू आतून गरम होत गेल्यासारखं वाटतं आणि कपाळावर घाम फुटतो. १५-२० मिनिटांनी चिखल धुऊन काढतात, त्याच झऱ्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ बसवतात आणि मग ब्लँकेट पांघरून अर्धा-पाऊण तास नुसतं पडून राहायचं. घाईच्या माणसाला शेवटचा भाग वेळेचा अपव्यय वाटतो, पण तापलेल्या अंगाचा रक्तदाब पूर्ववत यायला तो लागतोच. असं एकदा करून भागत नाही. दहा-बारा दिवसांचं आवर्तन असतं आणि इटलीत काही ठरावीक आजारांसाठी ते सरकारी आरोग्यसेवेतूनही मिळतं.

आता प्रश्न असा की शेकच द्यायचा तर गरम पाण्याचा टब काय वाईट? ४४ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बुडून बसणं बहुतेकांना सोसत नाही. तेवढ्याच गरम चिखलात तोच माणूस डोळे मिटून पडून राहतो. उत्तर टबातच सापडतं. कडक पाण्यात अगदी स्तब्ध बसलं की दोन-तीन मिनिटांत सोसायला लागतं, आणि कुणी पाणी हलवलं की लगेच चटका बसतो. कारण त्वचेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर आपल्या अंगाला उष्णता देऊन थोडा निवलेला असतो. पाणी हललं की तो जातो आणि नवा गरम थर येऊन भिडतो. चिखल म्हणजे असं पाणी, ज्याला हलता येत नाही. मातीच्या कणांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे उष्णता संथपणे, एकाच गतीने आत जाते, आणि बाहेरही तशीच संथ निसटते, म्हणून चिखल लवकर निवत नाही. सांध्याभोवतीचे स्नायू सैल व्हायला, रक्तवाहिन्या रुंदावायला, आखडलेला सांधा थोडा जास्त वाकायला ही संथ उष्णता चांगली उपयोगी पडते.

जगात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा चिखल वेगळा. स्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानीमध्ये ६७ ते ६९ अंशांच्या झऱ्यांजवळचा गंधकयुक्त गाळ वापरतात. कुबडी गुडघ्यावर मोडणारा माणूस हे त्या गावाचं बोधचिन्हच आहे. फ्रान्समधल्या दाक्स गावात दंतकथा सांगतात की एका रोमन सैनिकाने संधिवाताने जायबंदी झालेला आपला कुत्रा नदीत टाकून दिला, आणि मोहिमेवरून परतला तर तोच कुत्रा नदीकाठच्या गरम चिखलात लोळून टुणटुणीत होऊन समोर उभा. कथा कितपत खरी ते सोडून द्या. तो चिखल कशासाठी वापरला जायचा, ते तिच्यातून कळतं. एस्टोनियातल्या हापसालूत १८२५ साली डॉक्टर कार्ल अब्राहम हुनियस यांनी समुद्राच्या गाळाचं उपचारगृह सुरू केलं. स्थानिक लोक तो गाळ दुखऱ्या सांध्यांना लावतात हे त्यांनी आधी पाहिलं होतं. मृत समुद्राचा काळा चिखल तर सौंदर्यप्रसाधनांमुळे सगळ्यांना ठाऊक झाला आहे. त्या समुद्राच्या पाण्यात वजनाच्या सुमारे ३४ टक्के क्षार असतात, नेहमीच्या समुद्राच्या जवळपास दहापट.

आता थंड माती.

हिचा उगम झऱ्यांच्या गावांत नाही. युरोपात हिला वर आणलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या निसर्गोपचारकांनी. एमानुएल फेल्के नावाचे पाद्री रुग्णांना उघड्यावर, गार चिकणमातीच्या खड्ड्यांत बसवायचे. लोक त्यांना ‘चिकणमातीचा पाद्री’च म्हणायचे. आडोल्फ युस्ट यांनी १८९६ साली हार्झच्या डोंगरात आपलं केंद्र काढलं आणि मातीच्या पट्ट्यांचा जोरदार पुरस्कार केला. युस्ट यांचं लेखन दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आलं, त्यांनी मातीपट्टीचे प्रयोग स्वतःवर केले, आणि पुढे निसर्गोपचार म्हटलं की पोटावरची मातीपट्टी हे समीकरण बसलं.

हिची कृती साधी. जमिनीच्या दोन-तीन फूट खालची, खतं आणि कचरा न लागलेली माती घ्यायची, उन्हात वाळवायची, चाळायची, गार पाण्यात रात्रभर भिजवायची. सुती कापडावर बोटभर जाडीचा थर पसरून कपाळावर, पोटावर किंवा सुजल्या जागी वीस-तीस मिनिटं ठेवायची. खनिजं किती, गंधक आहे का, मुरवली किती दिवस, यातलं काहीच इथे महत्त्वाचं नाही. काम करतं ते बाष्पीभवन. ओल्या मातीतलं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. बर्फापेक्षा ही सौम्य असते. माती शून्याखाली जात नाही, त्यामुळे बर्फाने कातडी जळते तसं इथे होत नाही. पट्टी कोमट लागायला लागली की तिचं काम संपलं. पुन्हा हवी असेल तर नवी लावायची.

हिच्याबद्दल मोठमोठे दावे ऐकू येतात: बद्धकोष्ठ, आम्लपित्त, रक्तदाब, डोळ्यांचे विकार, सगळं. या दाव्यांमागे भक्कम पुरावा फारसा नाही. मुरगळलेला घोटा, उन्हाने तापलेलं कपाळ, ठणकणारी सूज यांना गारवा देऊन आराम पाडणारी सोय म्हणून मात्र ती अगदी योग्य आहे. उघड्या जखमेवर कच्ची माती कधीही लावू नये. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीतच राहतात.

मग स्पातल्या खनिजांचं काय? जाहिरातीत सगळा जोर त्यांच्यावरच असतो, जणू मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्वचेतून झिरपून थेट कूर्चेत जाऊन बसतात. कातडी आत शोषून घेण्यासाठी नसतेच. तिचं मुख्य काम बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. क्षारांचे भारित कण तिच्यातून फारसे पार होत नाहीत. गंधकाच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा आत जाऊ शकतो, काही लहान मेदकणही जाऊ शकतात. काळ्या रंगाला मात्र काही गूढ अर्थ नाही. तो लोह सल्फाइडचा रंग आहे. असा चिखल ताटलीत पसरून हवेत ठेवला तर हळूहळू वरून राखाडी-तपकिरी पडतो आणि बोटाने खरवडलं की आत अजून काळाच असतो.

तरी खनिजांना पूर्ण मोडीत काढणंही बरोबर होणार नाही. मृत समुद्राच्या चिखलावर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्यांच्या एका गटाला खरा चिखल दिला आणि दुसऱ्याला क्षार काढून टाकलेला. खऱ्या चिखलाच्या गटात वेदना जास्त कमी झाल्या. तुर्कस्तानातल्या २००८ च्या एका चाचणीत तोच गरम चिखल काहींच्या थेट गुडघ्याला लावला, काहींना नायलॉनच्या आवरणावरून. थेट लावलेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे नुसत्या शेकाच्या पलीकडे काहीतरी असावं. पण दुसऱ्या चाचणीत अडचण उघड आहे: आपल्या अंगाला चिखल लागलाय की प्लास्टिक, हे पडल्या पडल्या कुणालाही कळतं, आणि अपेक्षेनेही दुखणं कमी होतं. गुडघ्याच्या झिजेत दुखणं आणि आखडणं काही आठवडे ते काही महिने कमी राहतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. झिजलेली कूर्चा परत येते असं मात्र कुठेही सिद्ध झालेलं नाही. माझ्या मते यातला मोठा वाटा उष्णतेचा आहे, त्याखालोखाल दहा-बारा दिवस रोज मिळणाऱ्या सक्तीच्या विश्रांतीचा, आणि उरलेला खनिजांचा. आणि ‘विषारी द्रव्यं ओढून काढतो’ हे वाक्य छापलेलं दिसलं की मी ते पत्रक बाजूला ठेवतो. घामातून जातं ते प्रामुख्याने पाणी आणि मीठ. बाकीची सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तीही चिखलाशिवाय.

यात एक तिसरा प्रकार गुपचूप शिरतो, तोही सांगतो. चेक प्रजासत्ताकातल्या फ्रान्तिश्कोवी लाझ्न्येसारख्या ठिकाणी ‘मड बाथ’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पीट असतं. दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या वनस्पतींचा तो तपकिरी लगदा. माती नव्हेच. पण तोही गरमच वापरतात, उष्णता तर मातीहूनही जास्त वेळ धरतो, त्यामुळे आपल्या हिशेबात तो गरम चिखलाच्याच रांगेत बसतो.

गरम चिखल कुणी टाळावा, याची यादी मोठी आहे आणि ती नुसती कागदापुरती नाही. ताप असेल, सांधा नुकताच सुजून लाल-गरम झाला असेल, हृदय कमजोर असेल, रक्तदाब काबूत नसेल, पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी असेल किंवा असल्याची शंका असेल, गर्भारपण असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांची गोष्ट वेगळीच काळजीची. भाजतंय हेच त्यांना कळत नाही. शिवाय आवर्तनाच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास काहींचं दुखणं तात्पुरतं वाढतं, गळून गेल्यासारखं होतं. स्पातले लोक याला चांगली खूण मानतात. एखाद-दोन दिवसांत ओसरलं तर ठीक. नाही ओसरलं तर ती खूण चांगली नाही, उपचार थांबवायचा.

थंड पट्टी टाळायची ती थंडी वाजत असेल, बोटं गारव्याने पांढरी पडत असतील, किंवा जुनाट आखडलेला सांधा गारठ्याने आणखी ताठ होत असेल तेव्हा.

काकांच्या गुडघ्याकडे परत येतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतला दाह ताजा होता. पाच-सहा दिवस विश्रांती, गार पट्ट्या आणि औषध यांनी सूज ओसरली. महिन्याभराने, सकाळी उठल्यावर गुडघा फक्त ताठ राहायला लागला तेव्हा, डॉक्टरांना विचारूनच ते त्याच स्पात पुन्हा गेले आणि तोच काळा चिखल लावून घेतला. या वेळी उतरताना त्यांनी जिन्याचा कठडा धरला नाही. एक सवय मात्र त्यांना लागली आहे: आत जाण्याआधी दोन्ही गुडघ्यांवर आळीपाळीने हाताची पालथी बाजू टेकवून बघतात. दुखरा दुसऱ्याहून गरम लागला की त्या दिवशीची वेळ रद्द.