दम लागतो म्हणजे नक्की काय लागतं?

कोकणात घाटी चढताना मधेच कुणीतरी धोंड्यावर बसतं आणि म्हणतं, "थांब रे जरा, माका दम लागलो." श्वास हा शब्द आपण पुस्तकात आणि डॉक्टरकडे वापरतो, पण तोंडात असतो तो दमच. दम लागतो, दम खातो, दम धरतो, शाळेतले सर दम भरतात, आणि "दमानं घे" हे तर सगळ्यावरचं औषध.

हा दम फारसीतला. तिकडे दम म्हणजे श्वास, आणि एका श्वासाला लागतो तेवढा वेळ, म्हणजे क्षण. म्हणून एकदम म्हणजे एका श्वासात आणि हरदम म्हणजे श्वासागणिक. बहामनी-आदिलशाहीत दरबाराची भाषा फारसी, दाभोळसारखं बंदर त्यांच्याकडे, मग असले शब्द इकडे रुळले यात नवल काही नाही. पण गंमत पुढे आहे. फारसी आणि संस्कृत या लांबच्या बहिणी, आणि संस्कृतातला ध तिकडे द होतो. संस्कृतात धम् म्हणजे फुंकणे, म्हणजे फारसी दम हा त्याच धम् चा भाऊ. आणि याच धम् पासून आलीय आपली धमनी! मुळात ती फुंकायची नळी, मग शरीरातली नळी. ग्रीकांचंही तसंच, त्यांचा धमनीसाठीचा आर्टेरिया हा शब्द आधी श्वासनलिकेसाठी होता, आणि मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या दिसतात म्हणून त्यांच्यातून हवा खेळते असं बऱ्याच जणांना वाटायचं. तिच्यात रक्तच असतं हे दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्यानं प्रयोग करून दाखवलं.

(शम-दम किंवा दमन यातला दम मात्र वेगळा हां, तो काबूत आणण्याचा, त्याचा श्वासाशी संबंध नाही.)

आता घाटीवरच्या त्या माणसाकडे येऊ. त्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला, पण बहुतेक वेळा तसं नसतं. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, आणि आपण जी हवा बाहेर सोडतो तिच्यातही १६ टक्के शिल्लक असतो. शरीराचं खरं लक्ष असतं कार्बन डायऑक्साइडवर. पाय जोरात चालले की तो जास्त तयार होतो, रक्तात विरघळून रक्ताची आम्लता वाढवतो, ते मेंदूच्या बुंध्याला लगेच कळतं आणि हुकूम सुटतो, जोरात श्वास घे. ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा मानेतल्या धमन्यांपाशी आहे, पण तो बराच खाली गेल्याशिवाय ती फारसा आरडाओरडा करत नाही.

म्हणूनच विहिरीत किंवा खाडीत बुडी मारायची पैज लावताना पोरं आधी भराभर श्वास घेतात ना, ते अतिशय धोक्याचं आहे. त्यानं ऑक्सिजन जेमतेम वाढतो, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, मग पाण्याखाली "वर जा" अशी हाक येतच नाही आणि माणूस न घाबरता, न धडपडता बेशुद्ध होतो. चांगला पोहणारासुद्धा.

दमा हाही याच घरातला शब्द. त्यात श्वासनळ्या आकसतात, आतून सुजतात, आणि जास्त त्रास होतो तो हवा बाहेर टाकताना, छातीत शिट्टी वाजते ती तिथेच. आपल्याकडचा पावसाळा, ओल धरलेल्या भिंती, बुरशी, गाद्यांमधले दमट हवेत पोसणारे बारीक किडे, हे सगळं दम्याला खतपाणीच. कोळंबी सोलायच्या कारखान्यात काम करणाऱ्या काहींना तर कोळंबीच्याच प्रथिनामुळे दमा होतो.

आणि मालवण-तारकर्लीला स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहायला, गेलात तर आयुष्यभर ऐकलेला "दम धर" हा सल्ला तिथे उलटा होतो. समुद्रात १० मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीत भरलेली ५ लिटर हवा तशीच धरून वर आलात तर पृष्ठभागावर तिला १० लिटर जागा लागते, आणि एवढी जागा छातीत नसते, फुप्फुस फाटू शकतं. छाती पूर्ण भरलेली असेल तर अगदी दीड मीटर वर येणंसुद्धा पुरतं. म्हणून स्कूबात पहिलाच नियम असतो, श्वास रोखायचा नाही, घेत आणि सोडत राहायचं.