सुई न टोचता ओळखायची गाठ

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरट दिसत असेल, तर ‘फोटो नीट आला नाही’ म्हणून सोडून देऊ नये. लवकर नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. याचं कारण मोतीबिंदू असू शकतं, किंवा दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा. आणि या कर्करोगाचे तोतयेही आहेत. त्यातला नाव घेण्यासारखा म्हणजे कोट्सचा आजार.

गाठ दिसली की तुकडा काढून तपासायचा, ही नेहमीची रीत. इथे ती चालत नाही. रेटिनोब्लास्टोमाचा संशय असताना डोळ्यात सुई घातली, तर तिच्याच वाटेने कर्कपेशी डोळ्याबाहेर पडू शकतात. त्यामुळे निवाडा बराचसा चित्रांवरच करावा लागतो.

जॉर्ज कोट्स यांनी १९०८ साली वर्णन केलेला हा आजार कर्करोग नव्हे. तो बहुतेक मुलग्यांना आणि एकाच डोळ्यात होतो. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, आणि पिवळा, स्निग्ध द्रव साचून पडदा सुटतो. म्हणूनच इथे बाहुलीतली चमक पांढऱ्यापेक्षा पिवळसर असते. पण नुसत्या रंगावर कोण विसंबणार?

मुलाला भूल देऊन तपासणी होते. शिरेतून फ्लुरेसिन नावाचं रंगद्रव्य सोडतात आणि निळ्या प्रकाशात फोटो घेतात. कोट्समध्ये वाहिन्यांवरचे फुगवटे बल्बसारखे उजळतात, आणि थोड्याच वेळात रंग झिरपून त्यांच्या कडा पुसट होतात. रेटिनोब्लास्टोमात जाड, नागमोडी वाहिन्या थेट गाठीत शिरताना दिसतात. सोनोग्राफीत गाठीतलं कॅल्शियम लख्ख चमकतं आणि त्याच्यामागे सावली पडते. कोट्समध्ये सहसा असं काही नसतं. ‘सहसा’ म्हणायचं, कारण जुनाट कोट्समध्येही कधी कॅल्शियम साचतं, आणि पसरट वाढणाऱ्या रेटिनोब्लास्टोमात ते नसूही शकतं. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम उत्तम दिसतं. पण रेटिनोब्लास्टोमाशी जोडलेल्या आरबी१ या जनुकात जन्मजात दोष असलेल्या मुलांना त्यातल्या क्ष-किरणांनी पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून आता एमआरआयवर भर असतो. त्यात डोळ्यामागची नसही पाहता येते.

पूर्वी कर्करोग समजून काढलेल्या काही डोळ्यांत नंतर कोट्सच निघाला आहे. उलट चूक तर जिवावर बेतणारी. कोट्सवर लेझर किंवा गोठवण्याचे उपचार होतात आणि तो आनुवंशिक मानला जात नाही. रेटिनोब्लास्टोमा ठरला, तर केमोथेरपीपासून डोळा काढण्यापर्यंतचे पर्याय समोर येतात, आणि जनुकतपासणीने धोका नाही असं ठरेपर्यंत त्या मुलाच्या धाकट्या भावंडांचे डोळेही वारंवार तपासावे लागतात.